फ्रेसिने की निकोबारिएन्सिस? निकोबारच्या मेगापोडचं नाव आणि त्याची बेटं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेसाठी तुम्ही भारतातल्या प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त इथेच आढळणाऱ्या, पक्ष्यांची मराठी यादी करताय. तीत पालापाचोळ्याच्या ढिगाऱ्यात अंडी घालणाऱ्या निकोबारच्या मेगापोडपाशी अडलात. जुन्या ग्रंथात त्याचं नाव 'मेगापोडियस फ्रेसिने निकोबारिएन्सिस' असं तीन शब्दांचं आहे, नव्या यादीत 'मेगापोडियस निकोबारिएन्सिस' असं दोनच शब्दांचं. एका ठिकाणी पुढे 'ब्लाइथ, 1846' असंही आहे, तेही कंसाविना. यातलं बरोबर कोणतं? नकाशात हा पक्षी एकटाच निकोबारला आणि त्याचे सगळे भाऊबंद फिलिपिन्सच्या पलीकडे, असं का, त्याला माणसांनी तर होडीतून आणून सोडलं नसेल? आणि अंदमानात तो धरायचा का?

बेटांवरच्या पक्षीगणनेत आणि संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. नाव कोणतं लिहायचं हे ठरलं, की भारताकडे काय आहे आणि काय जाऊ शकतं हेही ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठी वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात, आणि परिभाषेच्या पुस्तकांत तोच शब्द जातीच्या वरच्या पायरीसाठी येतो. विद्यार्थ्यांचा इथेच गोंधळ होतो. म्हणून मी वरच्या पायरीला 'वंश' म्हणतो, तिच्याखाली 'जाती', आणि तिच्याखाली 'उपजाती'. तुमच्या यादीतही हेच शब्द ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

आता पक्षी. मोर, तित्तर, लावा, रानकोंबडा ज्या गणात येतात त्याच गणातला हा, पण कुल वेगळं: मेगापोडिडी. या कुलात सात वंश आणि वीस-बावीस जाती मोजतात. निकोबारचा मेगापोड साधारण कोंबडीएवढा असतो. अंगाने तपकिरी, शेपूट आखूड, चेहऱ्यावर पिसं नाहीत, तिथली कातडी लालसर. नजर मात्र खिळते ती पायांवर. शरीराच्या मानाने पाय आणि नखं इतकी थोराड, की दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याची आणून लावल्यासारखी वाटतात. वंशाचं नाव त्यावरूनच पडलं. ग्रीक भाषेत 'मेगास' म्हणजे मोठा आणि 'पोडोस' म्हणजे पायाचा. सगळ्या कुलाचं नावही त्याच पायावर उभं आहे.

हे पाय कशाला लागतात ते ढिगारा पाहिल्यावर कळतं. ग्रेट निकोबारच्या किनाऱ्यावर वाळू संपून झाडी सुरू होते, त्या पट्ट्यात मी पहिला ढिगारा पाहिला. वाळू, पोवळ्यांचा चुरा, कुजकी पानं, काटक्या आणि काळी माती यांचा माझ्या कमरेपर्यंत येणारा पसरट उंचवटा. एका बाजूला माती ताजी उकरलेली, ओलसर, आणि तिच्यावर तीन बोटांचे लांब ठसे. आजूबाजूची जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ, कारण पालापाचोळा सगळा पायांनी मागे ढकलत ढिगाऱ्यावर नेलेला. आमच्या कामाला परवानगी होती, म्हणून सोबतच्या वाटाड्याने मला वरच्या थरात हात घालायला सांगितला. मनगटापर्यंत हात गेला आणि ऊब लागली. थंडीच्या दिवसांत गावच्या उकिरड्यातून सकाळी वाफा निघतात, शेणखताच्या खड्ड्यात हात घातला तर आत गरम लागतं, अगदी तीच ऊब. कुजण्याच्या क्रियेत जिवाणू आणि बुरश्या उष्णता सोडतात. ती उष्णताच हा पक्षी अंडी उबवायला वापरतो.

म्हणजे खुडूक बसणं हा प्रकार या पक्ष्यात नाहीच. मादी ढिगाऱ्यात तिरपं भोक उकरते, खोल आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून निघून जाते. काही दिवसांनी दुसरं. एका ढिगाऱ्यावर एकाहून अधिक जोड्याही येतात. अंडं पक्ष्याच्या मानाने फार मोठं असतं आणि त्यात बलकाचा वाटा साध्या कोंबडीच्या अंड्यापेक्षा कितीतरी जास्त. ताजं असताना ते गुलाबी-तांबूस दिसतं, मातीत राहून राहून पिवळट मळकं होतं. आत सत्तर-ऐंशी दिवस जातात. पिल्लू कवच चोचीने टोचत नाही, पायांनी फोडतं. मग डोक्यावरची सगळी माती स्वतः उकरत वर येतं, पिसं सुकवतं आणि झाडीत शिरतं. ते पळू शकतं, थोड्याच वेळात उडूही शकतं. आई-बापांशी त्याची गाठ पडत नाही. त्याला कोणी चारत नाही आणि कोणी शिकवतही नाही.

ढिगारे किती मोठे होतात याची एक जुनी नोंद आहे. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम 1873 साली अंदमान-निकोबारला गेले होते. ज्यांच्या पुढाकाराने 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, तेच हे ह्यूम. पक्षी हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. त्यांच्यासाठी नमुने गोळा करणारे विल्यम डेव्हिसन यांनी निकोबारमध्ये पाहिलेला सर्वांत मोठा ढिगारा सुमारे आठ फूट उंच आणि साठ फूट घेराचा होता. असा ढिगारा एका जोडीने एका हंगामात रचलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर भर पडत गेलेली असते.

आता नावाकडे येतो. सांगण्यासारखं इथे सर्वांत जास्त आहे.

युरोपीय लोकांना या पक्ष्यांची खबर फार लवकर लागली होती. मॅगेलनच्या सफरीचा बखरकार पिगाफेट्टा याने 1521 मध्ये फिलिपिन्समधल्या अशा पक्ष्यांबद्दल लिहून ठेवलं आहे, जे मोठाली अंडी वाळूत पुरतात आणि उन्हाच्या उबेवर सोडून जातात. तिथे या पक्ष्याला 'ताबोन' म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी झाकण्या-पुरण्याचाच अर्थ आहे. पण शास्त्रीय नाव मिळायला आणखी तीनशे वर्षं लागली. 1817 ते 1820 या काळात लुई द फ्रेसिने यांच्या नेतृत्वाखाली 'युरानी' हे फ्रेंच जहाज जगप्रदक्षिणेला गेलं. त्यावरचे एक शल्यवैद्य जोसेफ पॉल गेमार निसर्ग-अभ्यासकाचं कामही बघत होते. परतीच्या वाटेवर, 1820 च्या फेब्रुवारीत, जहाज फॉकलंड बेटांपाशी फुटलं आणि गोळा केलेल्या वस्तूंचा मोठा भाग समुद्रात गेला. जे वाचलं त्यावर काम झालं आणि 1823 मध्ये गेमार यांनी 'मेगापोडियस' हा वंश स्थापला. त्यात इंडोनेशियातल्या मोलक्का बेटांकडची एक जाती त्यांनी आपल्या कप्तानाच्या नावे केली: मेगापोडियस फ्रेसिने. दुसरी, पलाऊ आणि मारियाना बेटांवरची, हरवलेल्या दर्यावर्द्याच्या नावे: मेगापोडियस लापेरूझ.

इथे एक बारकावा आहे. एखाद्या माणसाच्या सन्मानार्थ नाव देताना बहुधा लॅटिनची षष्ठी लावतात. फिलिपिन्सच्या जातीचं नाव 'कमिंगिआय', म्हणजे शंखशिंपले गोळा करणाऱ्या ह्यू कमिंग यांचं. टोंगाच्या जातीचं 'प्रिचार्डिआय', म्हणजे प्रिचार्ड यांचं. गेमार यांनी मात्र 'फ्रेसिने' आणि 'लापेरूझ' ही नावं जशीच्या तशी ठेवली, विभक्ती लावली नाही. नियमाप्रमाणे तेही चालतं, आणि मूळ लेखकाने जे केलं ते आपण सुधारायला जायचं नसतं. म्हणून तुमच्या यादीत कोणी उत्साहाने 'फ्रेसिनेटिआय' करून दिलं तर ते खोडून टाका.

निकोबारच्या पक्ष्याला नाव मिळालं 1846 मध्ये. एडवर्ड ब्लाइथ तेव्हा कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्यूरेटर होते. पगार तुटपुंजा, तब्येत यथातथा, आणि देशभरातून येणाऱ्या कातड्यांचा व पत्रांचा ढीग समोर. त्या टेबलावर बसून त्यांनी भारतातल्या किती पक्ष्यांना नावं दिली याची मोजदाद केली तर मन भरून येतं. सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं मेगापोडियस निकोबारिएन्सिस. शेवटच्या 'एन्सिस'चा अर्थ 'तिथला', म्हणजे निकोबारचा. वंशाचं नाव पुल्लिंगी असो की स्त्रीलिंगी, 'एन्सिस' दोन्हीकडे तसंच राहतं. त्यामुळे या नावात लिंगाचा घोळही होत नाही.

नावापुढचं 'ब्लाइथ, 1846' म्हणजे हीच हकिकत दोन शब्दांत. कंसाचा नियम सोपा आहे. मूळ लेखकाने ज्या वंशात जाती ठेवली तिथेच ती आजही असेल तर कंस नाही. नंतर दुसऱ्या वंशात हलवली असेल तर लेखक आणि साल कंसात जातात. शेजारचंच उदाहरण घ्या. मोलक्कातला एक मेगापोड जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी 1861 मध्ये 'मेगापोडियस वॉलेसिआय' म्हणून वर्णिला. तो ढिगारा रचत नाही. रात्रीच्या वेळी उघड्या वाळूत खोल खड्डा करून अंडं पुरतो, उष्णता उन्हाची. ओगिल्वी-ग्रँट यांनी 1893 मध्ये त्याच्यासाठी 'युलिपोआ' हा वेगळा वंश काढला. म्हणून तो आता युलिपोआ वॉलेसिआय (ग्रे, 1861) असा कंसासह लिहितात. ब्लाइथ यांचा पक्षी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच वंशात आहे, त्यामुळे त्यांच्या नावाला कंस लागत नाही. मुलांना हे सांगा. एका कंसावरून पक्ष्याचा वर्गीकरणातला प्रवास वाचता येतो, हे कळलं की त्यांना ही नावं रुक्ष वाटणार नाहीत.

मग मध्येच तीन शब्दांचं नाव कुठून आलं? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्गीकरणाचा कल एकत्र करण्याकडे होता. निरनिराळ्या बेटांवरचे, दिसायला मिळतेजुळते, पण एकमेकांना कधी न भेटणारे पक्षी एकाच पसरलेल्या जातीच्या उपजाती मानायचे. मेगापोडियस वंशातले जवळजवळ सगळे ढिगारेवाले पक्षी तेव्हा 'फ्रेसिने' या एका छत्रीखाली गेले, कारण ते नाव सर्वांत आधीच्यांपैकी होतं आणि नियमानुसार अग्रक्रम त्याचा. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडी ग्रंथात निकोबारचा पक्षी फ्रेसिनेची उपजाती म्हणून आला तो याच परंपरेतून. त्यांनी चूक केली असं अजिबात नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे तेच योग्य होतं.

नंतर लोकांनी बेटाबेटांवर जाऊन आवाज, रंग, पायांचा रंग, अंडी घालण्याची पद्धत तपासली. जिथे दोन रूपं शेजारी येतात तिथे ती मिसळतात की अलग राहतात हेही पाहिलं. मिसळल्याची उदाहरणं आहेत, न्यू गिनीजवळच्या करकर बेटावर दोन जातींची संकरित वस्ती आहे. पण एकूण चित्र एका जातीचं नाही, अनेक जातींचं आहे, असं मत पक्कं होत गेलं. पुढच्या डीएनए अभ्यासांनी या वंशाचा फैलाव अलीकडचा आणि भराभर झालेला दाखवला, म्हणूनच दिसण्यात इतकं साम्य. आज सगळ्या प्रमुख जागतिक याद्यांत निकोबारचा मेगापोड स्वतंत्र जाती आहे. तेव्हा तुम्ही दोन शब्दांचंच नाव घ्या. 'निकोबार स्क्रबफाउल' आणि 'निकोबार मेगापोड' ही इंग्रजी नावंही एकाच पक्ष्याची, ते दोन पक्षी समजून यादीत दोनदा घालू नका. मी असं छापलेलं पाहिलं आहे.

एका शब्दाची ही वजाबाकी किरकोळ नाही. तो पक्षी फ्रेसिनेची उपजाती असेल तर निकोबारमधून नाहीसा झाला तरी 'जाती' शेकडो बेटांवर शिल्लक राहते. स्वतंत्र जाती असेल तर निकोबार संपलं की तो पृथ्वीवरूनच संपतो. याद्यांमधली रांग बदलते, आणि तिच्या मागोमाग जबाबदारीही बदलते.

स्वतंत्र जाती झाल्यावर तिच्या आत पुन्हा दोन उपजाती आहेत, आणि इथून आपण बेटांवर येतो. विल्यम लुई ॲबट नावाचे अमेरिकन डॉक्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोबारमध्ये नमुने गोळा करत होते. त्यांनी वॉशिंग्टनला पाठवलेली कातडी पाहून हॅरी ओबरहोल्सर यांनी 1919 मध्ये दक्षिणेकडच्या, जरा गडद पक्ष्यांना 'ॲबटी' ही उपजाती दिली. मध्ये सोंब्रेरो खाडी. तिच्या उत्तरेला टेरेसा, बोंपोका, कामोर्टा, ननकौरी, ट्रिंकेट, कचाल आणि तिल्लांगचोंग या बेटांवर मूळ उपजाती निकोबारिएन्सिस निकोबारिएन्सिस. दक्षिणेला लिटल निकोबार, ग्रेट निकोबार आणि कोंडुल, मेंचल, मेरो, ट्रेईस यांसारखी छोटी बेटं, तिथे निकोबारिएन्सिस ॲबटी. सर्वांत उत्तरेच्या कार निकोबारवर आणि चौरा बेटावर हा पक्षी नाही. म्हणजे नकाशावर 'निकोबार' म्हणून एक ठिपका दिला तर तो अर्धवट ठरतो.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. पहिल्या मोसमात माझ्या वहीत बऱ्याच नोंदींपुढे ठिकाण म्हणून नुसतं 'निकोबार' लिहिलेलं होतं. बेट, किनारा, दिशा काही नाही. त्या नोंदी पुढे कशाच्या कामाला आल्या नाहीत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्यानंतर 26 डिसेंबर 2004 आली.

हा पक्षी ढिगारे रचतो ते बहुतांश किनाऱ्यालगतच्या सखल झाडीत. तिथे वाळूमिश्रित माती सहज उकरता येते आणि पालाही भरपूर. त्सुनामीने नेमका तोच पट्टा धुऊन नेला. ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे 4.25 मीटर खचलं, तिथलं दीपगृह पाण्यात उभं राहिलं. ट्रिंकेट बेटाचे तुकडे झाले. मेगापोडच्या नावाने राखलेलं एक चिमुकलं बेट होतं, मेगापोड आयलंड अभयारण्य. ते पाण्याखाली गेलं, आणि ट्रॅक्स बेटावरचे पक्षीही संपले. त्याआधी, 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात, कोइमतूरच्या सलीम अली पक्षी आणि निसर्ग अभ्यास केंद्राचे रवी शंकरन यांनी बेट-बेट पायाखाली घालून ढिगारे मोजून ठेवले होते. म्हणूनच 2006 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचे के. शिवकुमार पुन्हा तेच किनारे फिरले तेव्हा तुलना करता आली. किनारपट्टीवरच्या जोड्या सुमारे 70 टक्क्यांनी घटल्या होत्या, अंदाजे 395 ते 790 जोड्या उरल्या होत्या. एका ढिगाऱ्यावर किती जोड्या येतात हे गृहीत धरावं लागतं, म्हणून अंदाज असा रुंद असतो. शंकरन 2009 मध्ये अकाली गेले. त्यांच्या त्या मोजणीशिवाय आपल्याला नुकसान झालं एवढंच म्हणता आलं असतं, किती ते कधीच सांगता आलं नसतं.

आता नकाशातली ती मोठी मोकळी जागा. निकोबारपासून सर्वांत जवळचे मेगापोड उत्तर बोर्निओच्या बाजूला, म्हणजे दोन हजार किलोमीटरांहून दूर. मधलं सुमात्रा, मलाया, जावा रिकामं. फिलिपिन्स, सुलावेसी, मोलक्का, लोंबोकपासून पूर्वेची बेटं, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया, सॉलोमन, वानुआतू, आणि थेट टोंगाच्या न्युआफोऊ बेटापर्यंत कुलाचा पसारा. या शेवटच्या बेटावरचा पक्षी ज्वालामुखीने तापलेल्या जमिनीत अंडी पुरतो. ब्रिस्बेन किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर याच कुलातला ब्रश-टर्की परसातच भेटतो, वाफ्यांवरचा सगळा पाला ओढून नेतो. त्या पक्ष्याला जॉन लेथम गिधाड समजले होते. तरी पुढे त्यांच्याच नावाने तो 'अलेक्टुरा लेथमाय' झाला.

मधली जागा रिकामी का, यावर एक मत असं की खऱ्या आशियाई मुलखात उदमांजरं, रानमांजरं असे शिकारी फार, आणि जमिनीत पुरलेलं अंडं व एकटं पिल्लू त्यांच्यापुढे टिकत नाही. दुसरं मत तित्तर-कोंबडा कुळाच्या स्पर्धेचं. निकोबारमध्ये मूळचे असे मांसभक्षी सस्तन प्राणी नाहीत, आणि अंदमानात मात्र उदमांजर आहे, त्यामुळे पहिलं मत मला अधिक पटतं. पण ते सगळं उत्तर नाही. फिलिपिन्सच्या पलावान बेटावर उदमांजरं, बिबळ्या मांजर आणि मोराच्या कुळातला पक्षीही आहे, तरी मेगापोड आहे. निकोबारमध्येही घोरपडी ढिगारे उकरून अंडी खातात, तरी पक्षी टिकून आहे. माझी समजूत अशी की किनाऱ्यालगतची छोटी बेटं त्याला आसरा देतात आणि मोठ्या भूभागांवर तो हरतो.

माणसांनी होडीतून आणून सोडला असेल का, हेही तुम्ही विचारलंय. कल्पना अगदीच हवेतली नाही. या पक्ष्याची अंडी पौष्टिक, बरेच दिवस टिकणारी, आणि बेटांवरचे लोक ती पूर्वापार खातात. पॅसिफिकमधल्या काही बेटांबाबत अशी शंका गंभीरपणे घेतली गेली आहे. पण निकोबारबाबत मला ती मान्य नाही. बाहेर कुठल्याही बेटावर नेमका हा पक्षी सापडत नाही, म्हणजे आणला तर आणला कुठून? आणि सोंब्रेरो खाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळी रूपं घडायला जो काळ लागतो तो काही शतकांचा नाही. समुद्राची पातळी सर्वांत खाली गेली तेव्हाही निकोबार सुमात्राला जोडलं गेलं नव्हतं, त्यामुळे त्याचे पूर्वज पाणी ओलांडूनच आले असणार. हे पक्षी बेटाबेटांमधली खाडी उडून पार करू शकतात.

अंदमानाचं थोडक्यात. तिथल्या काही बेटांच्या जुन्या, तुटक नोंदी आहेत. पण नांदती वस्ती नाही. तुमच्या नकाशात अंदमानाला रंग देऊ नका. तळटीपेत 'जुन्या विखुरलेल्या नोंदी' एवढं पुरे.

एक शेवटची गोष्ट, कारण तुमच्या यादीत 'धोके' असाही रकाना आहे. ग्रेट निकोबारवर 1969 पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली गेली, त्यांत मराठी कुटुंबंही आहेत. कॅम्पबेल बेला आमच्या तुकडीला पहिला गरम चहा आणि पोहे मिळाले ते अशाच एका घरात. वस्तीबरोबर रस्ता आला, नारळाच्या बागा आल्या, कुत्री-मांजरं आली, आणि त्या सगळ्यांना जागा लागली ती किनाऱ्याचीच. वसलेल्या लोकांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना तिथे सरकारने नेलं. पण गालाथिया उपसागराचं अभयारण्य मात्र 2021 च्या जानेवारीत बंदरासाठी रद्द करण्यात आलं, आणि हे मला मुळीच मान्य नाही. त्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवं येतात आणि मागच्या झाडीत मेगापोडचे ढिगारे आहेत. कासवाची वाळू आणि मेगापोडची झाडी दुसरीकडे उचलून ठेवता येत नाही.

तेव्हा तुमची नोंद अशी छापा: निकोबार मेगापोड. मेगापोडियस निकोबारिएन्सिस ब्लाइथ, 1846. कुल मेगापोडिडी. केवळ निकोबार बेटांवर, कार निकोबार व चौरा वगळून. सोंब्रेरो खाडीच्या उत्तरेस उपजाती निकोबारिएन्सिस, दक्षिणेस उपजाती ॲबटी ओबरहोल्सर, 1919. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जागतिक लाल यादीत असुरक्षित. चित्राला जागा असेल तर पक्षी एका कोपऱ्यात घ्या आणि ढिगारा मोठा काढा. त्याच्या पोटात तिरपं भोक आणि तळाशी एक अंडं दाखवा. आणि एक पिल्लू, अर्धं मातीत, अर्धं बाहेर.